बैठक पुढे ढकलताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हा वक्त्यांना सांगितलं होतं, की ज्याने त्याने आपल्या कामातलं, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं काहीतरी सांगायचं. माझ्या आधी कुणी ठिबक सिंचनावर बोललं, कुणी गुडघेदुखीवर, कुणी मृत्युपत्र कसं करावं यावर. माझ्या कामात तसं दाखवण्याजोगं काही नाही. आपली दहावी 1985 साली झाली. त्यानंतर मी टायपिंगच्या 30 आणि 40 च्या सरकारी परीक्षा दिल्या, शॉर्टहँड केलं आणि पुण्यात एका खासगी कंपनीत साहेबांची सचिव म्हणून लागले. 31 वर्षं तेच काम केलं. टाइपरायटर गेला, टेलेक्स गेला, फॅक्स गेला, संगणक आला. काम मात्र तेच राहिलं. साहेबांच्या बैठका ठरवायच्या आणि ठरलेल्या बैठका पुढे ढकलायच्या. खरं सांगते, ठरवण्यापेक्षा ढकलण्यातच जास्त वेळ गेला.

तेव्हा माझा विषय एवढाच आहे: ठरलेली बैठक इंग्रजीत, समोरच्याचं मन न दुखवता, पुढे कशी ढकलावी. हसू नका. आपला हा मेळावासुद्धा दोनदा पुढे गेला आहे. आधी दिवाळीत ठरला होता, मग लग्नसराई आडवी आली, मग नातवंडांच्या परीक्षा. त्या वेळी आपल्या ग्रुपवर किती गोड मराठीत निरोप आले! "सर्वांची अडचण लक्षात घेऊन", "आपल्या सोयीची तारीख कळवावी", "झालेल्या तसदीबद्दल क्षमस्व". कुणी शिकवलं नव्हतं, तरी प्रत्येकाला जमलं. हेच जर इंग्रजीत लिहायला सांगितलं असतं, तर आपल्यातल्या निम्म्या लोकांनी काही लिहिलंच नसतं. ते न लिहिणं किती महाग पडतं, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून हा विषय घेतला.

आमच्या कार्यालयात एकदा शिकाऊ पदासाठी मुलाखती होत्या. एक मुलगा लहान गावातून, मराठी माध्यमातून आलेला. गुण उत्तम, अर्ज नीटनेटका. गुरुवारी अकराची वेळ दिली होती. तीन माणसं त्याच्यासाठी बसून होती. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. फोन नाही, मेल नाही. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "ज्याला वेळेची किंमत नाही, त्याला घेऊन काय करायचं?" नाव खोडलं गेलं. तीन आठवड्यांनी त्या मुलाचा मला फोन आला. दबक्या आवाजात, मराठीत. त्याच दिवशी त्याच्या आईचं ऑपरेशन होतं. आधीच्या सोमवारीच तारीख कळली होती. "मग कळवलं का नाहीस रे?" असं विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, तीन वेळा लिहायला घेतलं. इंग्रजी चुकेल, आणि चुकीचं इंग्रजी बघून तसंही नाव खोडतील, असं वाटलं. म्हणून पाठवलंच नाही." तोवर ती जागा भरली होती. मी साहेबांना कारण सांगितलं, त्यांनाही वाईट वाटलं, पण नेमणुकीचं पत्र दुसऱ्याला गेलेलं होतं.

चार ओळी. त्या मुलाकडे हुशारी होती, कारण होतं, हातात तीन दिवस होते. फक्त चार ओळी नव्हत्या.

आता आपण सगळे या शाळेत काय शिकलो ते आठवा. आपल्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. चार रेघी वही, आणि पहिल्या महिन्यात नुसती मुळाक्षरं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, म्हणजे आपल्या मुलांच्या वेळी. तरीही आठवी-नववीत आपल्याला इंग्रजीतलं एक पत्र तोंडपाठ होतं: रजेचा अर्ज. "आय बेग टू स्टेट दॅट" पासून सुरू होणारा आणि "युअर्स ओबीडियंटली" ला संपणारा. मध्ये तापाचं कारण, मग "काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज." आपल्यापैकी कित्येकांनी आयुष्यात हा एकच इंग्रजी अर्ज लिहिला आणि पुढे नोकरीतही त्याच साच्यात सगळी पत्रं लिहिली.

तो अर्ज वाईट नव्हता. कारण थोडक्यात, किती दिवस ते स्पष्ट, शेवटी विनंती. पण त्याच्यात एक गोष्ट नव्हती आणि ती असण्याचं कारणही नव्हतं. आपण दोन दिवस आलो नाही म्हणून शाळा थांबत नसे. घंटा व्हायची, प्रार्थना व्हायची, तास व्हायचे. म्हणून त्या अर्जात फक्त परवानगी मागायची होती. बैठकीचं तसं नसतं. आपण गेलो नाही तर ती होतच नाही. समोरच्याने आपल्यासाठी तासभर राखून ठेवलेला असतो, कधी त्यासाठी दुसरं काम बाजूला सारलेलं असतं. तेव्हा बैठक पुढे ढकलणं म्हणजे रजा मागणं नव्हे. दुसऱ्याने आपल्याला दिलेला वेळ त्याला परत करणं आणि नवा मागणं, असं ते आहे. हा फरक एकदा मनात बसला, की इंग्रजी आपोआप सरळ होतं. मग "बेग" करावं लागत नाही, आणि हुकूमही सोडावासा वाटत नाही.

आणि हे आपल्याला येतं. घरात लग्न ठरलंय आणि अचानक सुतक आलं, तर आपण काय करतो? त्याच दिवशी घरातलं मोठं माणूस व्याह्यांकडे जातं. कारण एका वाक्यात सांगतं, रडगाणं लावत नाही. पंचांग बघून दोन-तीन पुढचे मुहूर्त काढूनच नेलेले असतात. "यातला तुम्हाला कुठला सोयीचा?" असं विचारतं. आणि निघताना म्हणतं, "तुमची धावपळ झाली, सांभाळून घ्या." बघा, चार गोष्टी झाल्या. लगेच कळवणं, थोडक्यात कारण, दोन पर्याय, आणि समोरच्याच्या त्रासाची जाणीव. माझ्या 31 वर्षांत मी इंग्रजीत यापेक्षा पाचवी गोष्ट केली नाही.

आता इंग्रजीतल्या खाचाखोचांकडे येते. पहिली खाच आहे "पुढे" या शब्दात.

आपल्यासाठी सोपं आहे. बुधवारची बैठक दोन दिवस पुढे गेली म्हणजे शुक्रवारी गेली. आता यालाच शब्दशः इंग्रजीत घाला: "वेन्सडेज मीटिंग हॅज बीन मूव्ह्ड फॉरवर्ड टू डेज." ऐकणारा इंग्रजी माणूस सोमवारी येऊन बसू शकतो! ही थट्टा नाही. हेच वाक्य मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारून पाहिलं आहे. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅम्स्कर यांचा याबद्दलचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. एरवी जवळजवळ निम्मे लोक सोमवार म्हणतात आणि निम्मे शुक्रवार. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांची ही गत. त्या अभ्यासात विमानतळावरच्या लोकांनाही हाच प्रश्न विचारला होता. नुकतेच विमानातून उतरलेले लोक, नुसते कुणाला तरी घ्यायला आलेल्यांपेक्षा जास्त करून शुक्रवार म्हणाले. आपण काळात पुढे चाललो आहोत असं वाटलं तर शुक्रवार, आणि काळ आपल्याकडे चालत येतोय असं वाटलं तर सोमवार.

त्यातून आणखी गंमत अशी, की आपण ज्याला पुढे ढकलणं म्हणतो त्याला इंग्रजीत "पुश बॅक" म्हणतात, म्हणजे शब्दशः मागे ढकलणं. आणि "ब्रिंग फॉरवर्ड" म्हणजे बैठक आधी घेणं, अलीकडच्या तारखेला आणणं. आपल्या भाषेच्या बरोबर उलट. म्हणून आमच्या कार्यालयात मी नव्या मुलींना एकच नियम सांगत असे: फॉरवर्ड नको, बॅक नको. जुना वार लिहा, नवा वार लिहा. "फ्रॉम वेन्सडे टू फ्रायडे." यात कुणी चुकूच शकत नाही.

शब्दाने घोटाळा होतो तो मोठ्यांचाही होतो. इंग्लंडमध्ये एखादा विषय "टेबल" करणं म्हणजे तो चर्चेला घेणं. अमेरिकेत "टेबल" करणं म्हणजे तो बाजूला ठेवून देणं, लांबणीवर टाकणं. दुसऱ्या महायुद्धावरच्या आपल्या ग्रंथात विन्स्टन चर्चिल यांनी लिहून ठेवलं आहे, की ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक तातडीचा कागद लगेच चर्चेला घ्यायचा होता, म्हणून ते "टेबल करू" म्हणाले. अमेरिकी अधिकाऱ्यांना वाटलं, हे तो खणात टाकायला निघालेत. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि मग कळलं की दोघांनाही एकच हवं होतं. दोन्ही बाजूंची मातृभाषा इंग्रजी! तेव्हा आपल्यासारख्यांनी इंग्रजी चुकेल म्हणून गप्प बसण्याचं काही कारण नाही. भाषा सगळ्यांचीच चुकते. ज्याने कळवलं त्याचं काम होतं.

दुसरी खाच नम्रपणाची. मराठीत आपल्याकडे "तू", "तुम्ही", "आपण" अशा तीन पायऱ्या आहेत. इंग्रजीत सगळ्यांना "यू". मग नम्रपणा ठेवायचा कुठे? आपल्याला वाटतं, प्रत्येक वाक्यात "काइंडली" आणि "प्लीज" पेरला की झालं. पण "काइंडली चेंज द मीटिंग टू फ्रायडे" हे पत्र इंग्रजी कानाला साहेबाने कारकुनाला दिलेल्या ताकिदीसारखं लागतं. इंग्रजीत नम्रपणा असतो तो क्रियापदात, आणि बऱ्याचदा भूतकाळात. "कॅन वी मीट ऑन फ्रायडे" पेक्षा "कुड वी मीट ऑन फ्रायडे" मऊ. "आय वॉन्ट टू आस्क" पेक्षा "आय वॉन्टेड टू आस्क" मऊ. "आय वॉज वंडरिंग इफ वी कुड मीट ऑन फ्रायडे" त्याहून मऊ.

आपल्याला व्याकरणात "कुड" म्हणजे "कॅन"चा भूतकाळ असं पाठ होतं, ते बरोबरच आहे. पण विचारतोय आज, बैठक आहे परवा, मग भूतकाळ कशाला? आता मला सांगा, शेजाऱ्याकडे गेल्यावर तुम्ही काय म्हणता? "जरा काम होतं तुमच्याकडे." काम आत्ता आहे, पण म्हणतो "होतं". सरांना अडवून काय म्हणायचो? "सर, एक विचारायचं होतं." विचारायचं आत्ताच आहे! एक पाऊल मागे सरून बोललं, की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. मराठीचा हा भूतकाळ आणि इंग्रजीचा "कुड", "वुड", "वॉज वंडरिंग" एकाच घरचे आहेत. म्हणजे ही रीत आपल्या तोंडात लहानपणापासून आहे. फक्त ती तीच आहे हे आपल्याला कुणी जोडून दाखवलं नव्हतं.

इथेच एक सावधगिरी. "वुड यू माइंड मीटिंग ऑन फ्रायडे इन्स्टेड?" असं कुणी विचारलं, तर आपण आनंदाने "येस, येस" म्हणतो. पण प्रश्नाचा अर्थ आहे, "तुमची काही हरकत आहे का?" "येस" म्हणजे हरकत आहे! तिथे "नॉट ॲट ऑल" म्हणायचं, किंवा सरळ "फ्रायडे इज फाइन." दुसरं जास्त बरं, त्यात वारही पक्का होतो.

आता त्या चार ओळी. मी वाचते, सावकाश.

"डिअर सर, आय ॲम सॉरी, बट आय वोन्ट बी एबल टू कम फॉर द इंटरव्ह्यू ऑन थर्सडे. माय मदर इज हॅविंग ॲन ऑपरेशन दॅट डे. कुड आय कम ऑन फ्रायडे ऑर मंडे इन्स्टेड, ॲट एनी टाइम दॅट सूट्स यू? आय ॲम सॉरी फॉर द ट्रबल, अँड थँक यू फॉर युअर अंडरस्टँडिंग."

मराठीत सांगायचं तर, माफ करा, गुरुवारी मुलाखतीला येता येणार नाही. त्या दिवशी आईचं ऑपरेशन आहे. शुक्रवारी किंवा सोमवारी, तुमच्या सोयीच्या वेळी आलो तर चालेल का? तुम्हाला त्रास झाला, समजून घ्याल याबद्दल आभारी आहे. यात आठवीच्या पुस्तकाबाहेरचा एकही शब्द नाही. त्या मुलाला हे लिहिता आलं असतं. लिहिता येतं हे त्याला माहीत नव्हतं, एवढंच.

कारणाबद्दल एक सांगते. कारण एका वाक्यापेक्षा मोठं झालं की ते सबबीसारखं दिसायला लागतं. आईचं ऑपरेशन म्हटलं की पुरे. कुठला दवाखाना, कुठले डॉक्टर, किती टाके, हे नको. आणि सांगायचं नसेल तर "फॉर अ पर्सनल रीझन" एवढं लिहिलं तरी चालतं, सभ्य माणूस पुढे विचारत नाही. पण एक कारण कधीही लिहू नये: "आय हॅव सम अर्जंट वर्क." आपण मराठीत सहज म्हणतो, "जरा अर्जंट काम निघालं." इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, तुमच्या कामापेक्षा महत्त्वाचं काम आलं, तुम्ही थांबा. त्याऐवजी "समथिंग हॅज कम अप" म्हणावं. अर्थ तोच, पण तुलना नाही.

तसेच आपले काही घरगुती इंग्रजी शब्द आहेत. आपल्या देशात ते खुशाल वापरा, लाजू नका. पण पत्र परदेशी जात असेल तर जपून. "आउट ऑफ स्टेशन" म्हटलं तर तिकडच्या माणसाला तुम्ही रेल्वे स्टेशनाबाहेर उभे आहात असं वाटेल. तिथे "आउट ऑफ टाउन" म्हणा. "प्लीज रिव्हर्ट" म्हणजे आपल्याकडे उत्तर द्या, तिकडे पूर्वस्थितीला जा. तिथे सरळ "प्लीज रिप्लाय". आणि आपला लाडका "प्रीपोन"! पोस्टपोन म्हणजे नंतर ठेवणं, मग आधी ठेवणं ते प्रीपोन. इतका तर्कशुद्ध शब्द, की ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही त्याला जागा मिळाली. पण भारताबाहेर तो अनेकांनी ऐकलेला नसतो. तेव्हा तिथे "कुड वी मीट अर्लियर, ऑन मंडे?" असं लिहावं.

रद्द, पुढे ढकलणं आणि तहकूब यांतला फरकही इंग्रजीत पाळतात. होणारच नसेल तर "कॅन्सल". नंतर होणार असेल तर "पोस्टपोन". सुरू झाली आणि मध्येच थांबवली तर "ॲडजर्न". आपल्यापैकी जे सोसायटीचे सभासद आहेत त्यांनी वार्षिक सभेच्या नोटिशीवर वाचलं असेल, की गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतली जाईल. ती तहकूब म्हणजे "ॲडजर्न". त्या अर्ध्या तासात चहा होतो, म्हणून ती सगळ्यांची आवडती बैठक.

आता तारीख आणि वेळ. आपल्या वर्गातले चारजण परदेशात आहेत, कित्येकांची मुलं तिकडे आहेत, म्हणून सांगते. 5/6 लिहिलं तर आपण 5 जून वाचतो, अमेरिकेत ती 6 मे होते. म्हणून महिना अक्षरात लिहावा आणि सोबत वारही. "नेक्स्ट फ्रायडे" लिहू नये. कुणाला तो या आठवड्यातला वाटतो, कुणाला पुढचा. दुपारचे बारा असतील तर "ट्वेल्व्ह नून" लिहावं. आणि घड्याळ. आपलं घड्याळ वर्षभर एकच, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. पण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. इंग्लंडमध्ये तेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या आठवड्यांत नेहमीची बैठक तासभर सरकते आणि कुणीतरी रिकाम्या पडद्याकडे बघत बसतं. म्हणून नवी वेळ कळवताना दोन्हीकडची वेळ लिहावी. "सिक्स पीएम इन पुणे" असं गावाचं नाव घातलं तर उत्तम. नुसतं आयएसटी लिहिलं तर ते आयर्लंडचं आणि इस्राएलचंही असू शकतं.

शेवटचं, मोठ्यांनी लहानांशी वागण्याबद्दल. आपल्याकडे लहान माणूस मोठ्याची वेळ बदलतो तेव्हा दहा वेळा क्षमा मागतो, आणि मोठा लहानाची बदलतो तेव्हा नुसता निरोप येतो: "साहेब बिझी आहेत, उद्या या." माझ्या पहिल्या साहेबांची शिस्त वेगळी होती. ते म्हणत, "जो तीनशे किलोमीटरवरून एसटीने येणार आहे, त्याला आधी कळवा. विमानाने येणारा दुसरं तिकीट काढेल." आणि पुरवठादार कितीही छोटा असो, पत्रात कारण आणि दोन पर्याय घालायला लावत. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाला असे छोटे पुरवठादार स्वतःच्या खर्चाने आले होते. त्यांच्यापैकी एकाने मला सांगितलं, "मॅडम, साहेबांनी ऑर्डर कमी दिल्या असतील, पण आम्हाला फुकट हेलपाटा कधी घातला नाही."

दुसऱ्यांदा वेळ बदलावी लागली तर मात्र मेल नको, फोन करावा. तिसऱ्यांदा बदलायची वेळ आली, तर नवी तारीख आपण सुचवू नये. समोरचा म्हणेल ती घ्यावी आणि काहीही झालं तरी पाळावी.

सर, बाई, तुम्ही आम्हाला वेळ पाळायला शिकवलंत. प्रार्थनेला उशीर झाला की मैदानात उभं राहायचो. त्या शिस्तीवर आम्ही नोकऱ्या केल्या, दुकानं चालवली, शेती केली. पण आयुष्यात प्रत्येक वेळ पाळता येत नाही. आजारपण येतं, पाऊस येतो, एसटी बंद पडते. पाळता येत नाही तेव्हा काय करायचं, हेही मुलांना सांगितलं पाहिजे. आपल्या शाळेतून आजही दरवर्षी मुलं-मुली दहावी होतात आणि पुढे मुलाखतींना जातात. गुणांनी ती मागे नाहीत. इंग्रजीच्या भीतीने गप्प बसतात आणि ते गप्प बसणं उद्धटपणात मोजलं जातं.

म्हणून माझी एक सूचना आहे. मुख्याध्यापकांची परवानगी असेल तर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी नववी-दहावीच्या मुलांसाठी एक तास यायला तयार आहे. स्पोकन इंग्लिशचा क्लास नव्हे. फक्त अशी रोजच्या गरजेची चार-चार ओळींची पत्रं: येता येणार नाही, उशीर होतोय, तारीख बदलून हवी आहे, मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का. आपल्यातल्या बँकवाल्यांनी, वकिलांनी, दुबईकरांनीही एकेक तास वाटून घ्यावा. ज्याला एखाद्या शनिवारी जमणार नाही, त्याने आधी कळवावं आणि दोन पर्यायी शनिवार सांगावेत. इंग्रजीत कळवलं तर मी तपासून परत देईन.

ही नाव नोंदवायची वही मी बाहेर चहाच्या टेबलावर ठेवली आहे.